आत घेतलेले पट्टे

मित्रांनो, मी एक जुनी सॅक आहे आणि हल्ली मला पाठ नाही. थायलंडच्या उत्तरेला, उत्तरादित गावात, रेल्वे स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर, एका लाकडी घराच्या ओसरीत मी खिळ्याला टांगलेली असते. माझ्यासमोर शिवणयंत्र आहे. त्यावर फुलाफुलांचं कापड झाकलेलं आहे आणि ते फार दिवसांत कोणी उचललेलं नाही. माझा रंग विचाराल तर मलाही नीट सांगता येणार नाही. एके काळी मी गर्द हिरवी होते. आता वाळलेल्या शेवाळासारखी दिसते.

माझा जन्म दुकानातला नाही. माझं कापड आधी तंबू होतं. गावाबाहेर पुलाचं काम चाललं होतं तेव्हा मजूर त्या तंबूत राहायचे. पूल झाला, मजूर गेले आणि तंबू भंगारवाल्याकडे पडून राहिला. तिथून तो लमायने उचलून आणला. लमाय या घरची मालकीण. ती शाळेचे गणवेश शिवायची. मे महिन्यात शाळा उघडायच्या आधी या ओसरीत पांढऱ्या सदऱ्यांचे आणि निळ्या स्कर्टांचे ढीग लागायचे. तेव्हा तिला जेवायलाही उसंत नसे. पण त्याआधीचे मार्च-एप्रिलचे दिवस, ऐन उन्हाळ्याचे, रिकामे जात. तिचा नवरा थविन गावातल्या शाळेत भूगोल शिकवायचा. त्याच्या शाळेलाही तेव्हाच सुटी असे. त्यांना मूलबाळ नव्हतं. दोघं पंख्याखाली बसून ऊन उतरायची वाट पाहत.

थविनला पहिल्यांदा कडेचं दिसेनासं झालं. शेजारून सायकल गेली तरी तो दचकायचा. दारातल्या पाण्याच्या रांजणाला तर त्याची रोजची धडक. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं, बांबूच्या नळीतून पाहावं तसं दिसत जाईल आणि वर्षागणिक नळी बारीक होत जाईल. इलाज नाही.

डॉक्टरांकडून तो परत आला त्या दुपारी लमाय माझ्या कापडावर खडूने रेघा मारत बसली होती. मी तेव्हा सॅक होणार नव्हते. ओसरीला उन्हाचा पडदा होणार होते. थविन पायरीवर टेकला.

"लमाय, मी पोरांना समुद्र शिकवतो," तो म्हणाला. "नकाशावर निळा रंग दाखवतो. मी स्वतः कधी पाहिलेला नाही."

"मग बघून ये, पी." आमच्याकडे बायको नवऱ्याला पी म्हणते, थोरला म्हणून.

"एकट्याने?"

"एकट्याने कशाला? मे लागेपर्यंत मला तरी काय काम आहे?"

तिने ओल्या फडक्याने रेघा पुसल्या आणि नव्या मारायला घेतल्या. थविन म्हणाला, "पडद्याचं काय?" ती म्हणाली, "ऊन काय, दर वर्षी येतंच."

अशी मी झाले. लमायने माझी प्रत्येक शिवण दुहेरी घातली. पट्ट्यांसाठी मोडक्या मोटारीच्या सीटवरचा जाड पट्टा मिळवला. आत पिकल्या फणसाच्या रंगाचं अस्तर लावलं आणि थविनच्या पाठीवर मला तीनतीनदा चढवून मापं घेतली. समोर चुअनमावशींचं तांदळाच्या शेवयांचं दुकान होतं. आम्ही निघालो तेव्हा त्या झारा हातात घेऊनच बाहेर आल्या.

"असल्या पिशव्या मी गोऱ्यांच्या पोरांच्या पाठीवर बघितल्यात," त्या म्हणाल्या. "त्यांना घरी कोणी जेवायला घालत नाही म्हणून फिरतात बिचारी. तुम्हाला काय झालंय?"

"मला घरी स्वतःलाच रांधावं लागतं, मावशी," लमाय म्हणाली. "बाहेर दुसरं कोणीतरी रांधतं."

"आणि एवढ्या उन्हात? माणसाची सुकट होईल."

"मग परत आल्यावर तुमच्या रश्श्यात टाका."

मित्रांनो, त्या पहिल्या प्रवासाची धग अजून माझ्या कापडात आहे. गाडीच्या तिसऱ्या वर्गात खिडक्या उघड्या असायच्या आणि आत येणारा वारा इस्त्रीसारखा तापलेला असायचा. फेरीवाल्या बायका डब्यात चढत, कोणाकडे भाजलेली कोंबडी आणि चिकट भात, कोणाकडे मिरची, मीठ आणि साखर लावलेली कैरी. रात्री आम्ही कुठल्यातरी विहाराच्या मंडपात उतरायचो. भिक्खू विचारत, "कुठून आलात?" थविन म्हणे, "उत्तरादितहून, भंते." ते म्हणत, "लांबून आलात," आणि मच्छरदाणी आणून देत. लोपबुरीला माकडाने माझा डावा खिसा फाडला आणि आतला साबण खाऊन टाकला. लमायने तिथेच फलाटावर बसून ठिगळ लावलं. माकड समोर बसून पाहत होतं आणि त्याच्या तोंडाला फेस आला होता. थविन इतका हसला की त्याला उचकी लागली.

प्रचुआपला समुद्र होता. थविन सकाळी वाळूत जाऊन उभा राहिला तो ऊन डोक्यावर येईपर्यंत हलला नाही. मी त्याच्या पाठीवर होते, म्हणून मला समुद्र दिसला नाही. पाठीवरच्या सॅकला मागचंच दिसतं. मला लमाय दिसत होती. ती समुद्राकडे पाहत नव्हती. ती त्याच्याकडे पाहत होती.

"मी पोरांना चुकीचं शिकवत होतो," शेवटी थविन म्हणाला. "हा निळा नाहीये."

"मग कसला आहे?"

"सारखा बदलतोय. मी रंगाचं नाव शोधेपर्यंत दुसराच होतो."

त्यानंतर दर उन्हाळ्यात आम्ही निघत गेलो. मेकाँग नदी पाहिली, गुहा पाहिल्या, शेतं जाळल्याच्या धुरात बुडालेले उत्तरेकडचे डोंगर पाहिले. लोक उन्हाला भिऊन घरात बसत तेव्हा हे दोघं रस्त्यावर असत. वाटेत कोणी ना कोणी हाक मारून बर्फाचं पाणी देई. थविनच्या डोळ्यांतली नळी मात्र बारीक होत होती. एकदा नावेतून उतरताना त्याला फळी दिसली नाही आणि तो माझ्यासकट चिखलात पडला. नावाडी हसला, मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने पुढे होऊन हात दिला.

त्या संध्याकाळी लमायने मला धुतलं, वाळवलं आणि माझ्या मागच्या बाजूला जाड पट्टीचा एक फास शिवला, हात आत घालता येईल एवढा. दुसऱ्या दिवसापासून तिने मला आपल्या पाठीवर घेतलं. थविन माझा फास धरून मागे चालू लागला. पुढे ती, मध्ये मी, मागे तो. मी तिच्या अंगाला ढगळ व्हायचे, कारण माझं माप थविनचं होतं. तिने तक्रार केली नाही. आता मला थविनचा चेहरा दिसू लागला. तो मान थोडी तिरकी करून ऐकत चालायचा.

लमायला वर्णन करता येत नसे. "समोर डोंगर आहेत," ती म्हणायची.

"कसे?"

"मोठे."

"अजून?"

"हिरवे."

"माझ्या वर्गातली सगळ्यात ढ पोरगी तू," थविन म्हणायचा. एकदा तो वैतागून म्हणाला, "तुला जे कळतं त्यात सांग ना. कापडात सांग."

ती थांबली. तिने पुन्हा समोर पाहिलं असावं. मग म्हणाली, "पुढचा डोंगर जाड खाकीचा आहे, धुऊन इस्त्री न केलेला. त्याच्यामागचा विटलेला, गुडघ्यावर झिजलेल्या चड्डीसारखा. आणि सगळ्यात मागचा मलमलीचा. त्यातून आभाळ दिसतंय."

फासातला हात घट्ट झाला. "आता दिसले," थविन म्हणाला.

मित्रांनो, ती माझी सगळ्यात सुखाची वर्षं होती. एका उन्हाळ्यात नळीच्या टोकाचा उरलेला उजेडही गेला. थविनने शाळा आधीच सोडली होती. त्याला वाईट वाटत असेल, पण निघायचे दिवस आले की तो आपणहून माझे खिसे चाचपायचा आणि विचारायचा, "या वर्षी कुठे?" उबोनच्या वाटेवर लमाय त्याला सांगायची की बहावा फुललाय, पिवळ्या फितींची गुंडाळी कोणीतरी झाडावरून सोडून दिलीय. स्टेशनावरच्या बायका ऐकत राहायच्या आणि मग स्वतःच वर बघायच्या.

त्याच उबोनच्या प्रवासाआधी लमायने माझे दोन्ही पट्टे आत घेतले होते. मला वाटलं, आता तरी तिला माझा ढगळपणा नको झाला. पण प्रवास संपेपर्यंत मी पुन्हा ढगळ झाले. माझ्या आणि तिच्या पाठीच्या मध्ये हाडं होती, ती आधी मला कधी लागली नव्हती. ती चालताना मध्येच थांबायची आणि म्हणायची, "पी, थांब, इथे बघण्यासारखं आहे." मग काहीतरी सांगायची. मला मागचा रस्ता दिसायचा. तिथे बघण्यासारखं काही नसायचं. ती दम घेत असायची.

पुढच्या फेब्रुवारीत ती दोन दिवस घरी नव्हती. "कापड आणायला फित्सानुलोकला जातेय," असं तिने थविनला सांगितलं. चुअनमावशी तिच्याबरोबर गेल्या. परत आल्यावर लमायने मला कुंपणावर उन्हात घातलं आणि तिथेच उभं राहून माझे पट्टे पुन्हा मोजू लागली. मावशी तिच्यामागे आल्या. थविन आत झोपला होता.

"आज सांग त्याला," मावशी म्हणाल्या. "नाहीतर मी सांगते."

"तुम्ही नाही सांगणार."

"का नाही सांगणार? मी गावभर सगळं सांगत असते. हे एवढंच पोटात ठेवू?"

"पोटात माझ्या आहे, मावशी. तुमच्या नाही."

"बोलून घे. गाठ काय तुझ्या बोलण्याला घाबरते?" मावशींचा आवाज चिरका झाला. "भरती हो म्हणाले ना डॉक्टर?"

"फार फरक पडणार नाही, असंही म्हणाले. ते ऐकलं नाहीत तुम्ही?"

मावशी माझा दुसरा पट्टा सरळ करू लागल्या.

"मीच त्याचे डोळे आहे," लमाय म्हणाली. "डोळ्यालाच कीड लागलीय म्हटल्यावर तो उंबऱ्याबाहेर पाऊल टाकेल का? एवढा एक उन्हाळा जाऊ दे. मला वर डोंगरातलं, नान शहराकडचं ते गाव बघायचंय, जिथे बायका वाहत्या पाण्याची नक्षी विणतात. इतकी वर्षं त्याच्या नकाशावरची गावं बघितली. एक माझं बघू दे. मग तुम्ही म्हणाल तिथे भरती होते."

मित्रांनो, मी कुंपणावर लटकत होते आणि मला सगळं ऐकू येत होतं. आतल्या खोलीत थविन कूस बदलत होता. दहा पावलांवर. सॅकच्या पोटात कितीही मावतं, पण त्यातलं एक अक्षरही तिला बाहेर काढता येत नाही.

तिने पट्टे दुसऱ्यांदा आत घेतले. इतक्या बारीक टाक्यांनी, की बाहेरून कोणाला कळू नये.

एप्रिलमध्ये आम्ही नानला निघालो. फ्रेच्या बसथांब्यावर एका फळवालीने लमायला पाहिलं आणि तिच्या हातातली सुरी थांबली. "ताई, तुम्हाला बरं नाही का? तोंड बघा कसं..." लमायने ओठांवर बोट ठेवलं आणि डोळ्यांनी मागे खूण केली. फळवालीने माझा फास धरून उभ्या असलेल्या थविनकडे पाहिलं. मग ती मोठ्याने म्हणाली, "ऊन फार आहे, ताई. कलिंगड घ्या," आणि दोन फोडी जास्त दिल्या. तिचे डोळे भरून आले होते. वाटेत असं कितीतरी वेळा झालं. बसचा वाहक, विहारातला म्हातारा भिक्खू, रस्त्यावर गाडीसाठी थांबलेल्या अनोळखी बायका, ज्याला ज्याला डोळे होते त्याला कळत होतं. आणि सगळे मिळून एका माणसापासून लपवत होते.

आम्ही त्या गावात पोचलो तो नवीन वर्षाचा सण होता. रस्त्यावर पोरं येणाऱ्याजाणाऱ्यावर पाणी उडवत होती. खांबांवर उभ्या असलेल्या एका घराच्या खाली, सावलीत, बायका जमल्या होत्या. मागाला सणाची सुटी होती. त्या घरची सेंगआजी म्हणून एक म्हातारी होती. तिने या दोघांना हाताला धरून चटईवर बसवलं. मला लमायच्या शेजारी ठेवलं. सगळ्यांनी त्यांच्या ओंजळीवर शिकेकाई आणि फुलं घातलेलं पाणी घातलं. मग आजीने पांढऱ्या दोऱ्याची गुंडाळी काढली आणि सारखे सारखे तुकडे तोडले.

"तुम्ही दोघं एकमेकांना बांधा," ती म्हणाली. "माणूस घरापासून लांब गेला की त्याचा जीव इकडेतिकडे भटकत राहतो. बांधून ठेवावा."

लमायने थविनच्या मनगटाला दोरा बांधला. मग त्याने तिचा हात हातात घेतला. इतके दिवस त्याचा हात माझ्या फासात असायचा, तिच्या हातात नाही. घरी ती हात लावू न देता झोपायची, उकडतंय म्हणायची. त्याने दोरा तिच्या मनगटाभोवती फिरवला, गाठ मारली आणि उरलेलं टोक बोटांत धरून तो तसाच बसून राहिला.

"आजी, हा दोरा लांब आला," तो म्हणाला.

"सगळे सारखेच तोडलेत, बाबा. तुझ्या हातावर आहे तेवढाच."

थविनने तिचं मनगट मुठीत धरलं. त्याची बोटं एकमेकांवर चढली. मग तो हात चाचपत कोपरापर्यंत गेला, दंडापर्यंत गेला, खांद्याच्या हाडापर्यंत गेला. लांब रस्त्यावर पोरांचा दंगा चालू होता.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"उन्हाने माणूस वाळतं, पी."

"मी कधीपासून विचारलं."

"मागच्या उन्हाळ्याच्या आधीपासून," लमाय म्हणाली.

त्याने हात पुढे करून मला शोधलं आणि उचललं. उभा राहून पाठीवर घेऊ लागला. मी त्याच्याच मापाची, पण माझे पट्टे त्याच्या दंडाशीच अडकले. त्याने मला खाली घेतलं आणि पट्ट्यावरून अंगठा फिरवला. त्याला पहिली घडी लागली. तिच्यापुढे दुसरी लागली. डोळे असलेल्या कोणालाही न दिसणारे टाके त्याने एकेक करून चाचपले.

"डोळे गेले ते कर्माने गेले," तो हळू म्हणाला. "पण हे मला दिसलं नाही ते तुझ्यामुळे."

"दिसलं असतं तर काय केलं असतंस?"

"सॅक मी उचलली असती."

लमायने तोंड ओंजळीत लपवलं. सेंगआजीने इतर बायकांना हाताने खुणावलं आणि त्या उठून गेल्या.

थोड्या वेळाने थविनने आजीला विचारलं, "नान शहरात दवाखाना आहे. आत्ता गाडी मिळेल?"

"गाडीवाला सणाचं पिऊन पडलाय," आजी म्हणाली. "उद्या सकाळी मी त्याला विहिरीत बुचकळून काढते. आज तुम्हाला इथेच राहावं लागेल." मग ती लमायकडे वळली. "माझी माणसं म्हणतात, सणाला मागाला हात लावू नये. पण तू माग बघायला आलीस ना? चल. देवाला मी समजावते."

ती त्यांना मागाजवळ घेऊन गेली. मीही होते. थविनने मला पोटाशी धरलं होतं. मागावर अर्धं विणलेलं लुगडं होतं, आमच्याकडच्या बायका कमरेला गुंडाळतात तसलं. लमाय त्यावर वाकली. तिने कापड बोटांत धरलं, उलटं करून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. फार वेळ गेला.

"सांग ना," थविन म्हणाला.

"थांब जरा."

तो थांबला.

"नदी आहे," ती म्हणाली. "आपल्या पुलावरून दिसते तशी. पावसाळा संपल्यावरची. पाणी खांबाला अडतं आणि मग वळून निघून जातं ना, तसं."

"ती आपलीच आहे," थविन म्हणाला. त्याचा आवाज घोगरा झाला होता, पण तो वर्गात बोलायचा तसा बोलत होता. "नान नदी याच डोंगरांत उगम पावते. या गावापासून जाते, मग धरणात, मग आपल्या पुलाखालून."

"म्हणजे हेच पाणी?"

"हेच."

"तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस."

ती हसली. मग दोघंही रडली, मित्रांनो. मी दोघांच्या मध्ये होते आणि मला कळत नव्हतं कोणाचं अंग हलतंय.

सकाळी लमाय म्हणाली, "ब्लेड दे, पट्टे उसवून देते. तुला टोचतील." थविन म्हणाला, "राहू देत." त्याने मला तशीच, कशीबशी, दंडांवर ओढून घेतली. मी त्याच्या काखेत रुतत होते. लमायने त्याचा हात धरला आणि ती पुढे झाली. गाडीपर्यंत ती सांगत राहिली, इथे दगड आहे, इथे उतार आहे. तो मात्र तिच्या मनगटावरचं बोट काढायला तयार नव्हता.

नानच्या दवाखान्यात ठेवून घेतलं, मग फित्सानुलोकच्या. तिथून तिला घरी पाठवलं. घरी पाठवतात याचा अर्थ चुअनमावशींना कळला आणि त्यांनी दुकान बंद ठेवलं. ओसरीत गणवेशाचं कापड येऊन पडलं होतं. लमाय खाटेवरून सांगायची आणि मावशी, ज्यांना सरळ शिवण घालता येत नव्हती, त्या कापायच्या. "बाही वाकडी झाली," लमाय म्हणायची. मावशी म्हणायच्या, "पोरांचे हात तरी कुठे सरळ असतात." थविन तिच्या उशाशी बसून असे. हात तिच्या खांद्यावर.

मनगटाचा दोरा कापायचा नसतो. तो आपोआप तुटून पडेपर्यंत ठेवायचा असतो. तो तुटायच्या आत ती गेली. शाळा अजून उघडायच्या होत्या.

त्यानंतर मला या खिळ्याला टांगलं. उन्हाळे आले आणि गेले. माझ्या ठिगळाच्या खिशात कुंभारीण माशीने मातीचं घर केलं. पट्ट्याची कडी गंजली. उंदरांनी अस्तर कुरतडलं. चुअनमावशी एकदा म्हणाल्या, "गुरुजी, सॅक द्या, पट्टे सैल करून आणते. माझा भाचा येईल तुमच्याबरोबर. कुठेतरी जाऊन या." थविन म्हणाला, "त्या घड्या उसवायच्या नाहीत." त्यामुळे मी कोणाच्याच पाठीला होत नाही.

थविन आता कुठे जात नाही. माणसंच त्याच्याकडे येतात. दर नवीन वर्षाला त्याचे जुने विद्यार्थी हातावर पाणी घालायला येतात. पूर्वी तो ओंजळ पुढे करायचा. आता आधी समोरच्याचं मनगट धरतो आणि बराच वेळ धरून ठेवतो. पोरं एकमेकांकडे बघून हसतात. म्हणतात, "गुरुजी वैद्य झाले." तो हसू देतो.

या वर्षी सनित आला होता. मालाचे ट्रक चालवतो, उंचापुरा, आवाज मोठा. पायरीवरूनच ओरडला, "गुरुजी, ओळखा कोण?" थविनने आवाज ओळखला आणि मनगट धरलं. मग हात वर नेला, दंडावर. सनितचं हसणं विरत गेलं.

"किती उतरलास?" थविनने विचारलं.

"ट्रकवर खाण्यापिण्याचे हाल होतात, गुरुजी."

"उन्हाने माणूस वाळतं, नाही का?"

सनितने हातातला पाण्याचा वाडगा खाली ठेवला.

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवलंय."

"घरी सांगितलंस?"

सनितने मान हलवली. मग गुरुजींना ते दिसत नाही हे आठवून म्हणाला, "नाही. बायको आधीच..." आणि तिथेच थांबला.

"माझ्या हातावर पाणी उद्या घाल," थविन म्हणाला. "आधी घरी जा."

सनित पायरीवर बसून राहिला. चुअनमावशींनी त्याला शेवयांची वाटी आणून दिली. त्याने ती तशीच हातात धरली, आणि मग उठून रस्त्याने निघाला, घराच्या दिशेने.

मित्रांनो, सॅकचं आयुष्य म्हणजे दुसऱ्याचं ओझं. ते मी आनंदाने वाहिलं आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मला धूळ झटकून पुन्हा वापरा असंही मी म्हणत नाही, मी आता कामाची राहिले नाही. माझं मागणं एवढंच आहे. तुमच्याही घरात कोणीतरी तुमचं ओझं घेऊन पुढे चालत असेल आणि तुम्ही मागून नुसता पट्टा धरून चालत असाल. पट्टा सोडा आणि एकदा त्या माणसाच्या खांद्याला हात लावून पाहा. विचारून भागत नाही. विचारलं की सगळेच सांगतात, बरं आहे.